दूरस्थ दावेदार आणि सिंहासनाची शंका
महाकाव्यसदृश अद्भुतिकांतील राजनीतीचा एक तौलनिक विचार

राज्यावर हक्क सांगणारा प्रतिस्पर्धी सैन्यासह वेशीवर येऊन ठाकला म्हणजे राजाने काय करावे, हा प्रश्न मुख्यतः युद्धशास्त्राचा असतो. परंतु तोच प्रतिस्पर्धी समुद्रापलीकडे किंवा अरण्यात, निर्धन व निःशस्त्र अवस्थेत वावरत असेल, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. त्याच्यापासून तात्कालिक भय नसते. असते ते केवळ त्याचे नाव, त्याचे कुल आणि त्या कुलाची लोकांत उरलेली स्मृती. अशा वेळी सिंहासनस्थ राजा जो निर्णय घेतो, त्यातून प्रतिस्पर्ध्याच्या बळाचे मोजमाप क्वचितच होते. राजाला स्वतःच्या अधिकाराविषयी किती खात्री आहे, हेच त्यातून कळते. विसाव्या शतकातील इंग्रजी महाकाव्यसदृश अद्भुतिकांनी हा प्रसंग वारंवार हाताळला आहे. त्यांतील काही उदाहरणे प्रस्तुत लेखात तपासावयाची असून, संस्कृत महाकाव्यपरंपरेतील एका उत्तराशी त्यांची तुलना करावयाची आहे.

१. मारेकऱ्याचे उत्तर

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पहिला खंड ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील राजा रॉबर्ट बराथियन याने बंड करून टार्गेरियन राजघराणे उलथवले आहे. त्या घराण्याची उरलेली दोन अपत्ये, व्हिसेरिस आणि डनेरिस, अरुंद समुद्रापलीकडे परान्नावर दिवस काढीत आहेत. तेरा वर्षांच्या डनेरिसचा विवाह डोथ्राकी टोळीनायक द्रोगो याच्याशी झाल्याची वार्ता येते आणि राजा अस्वस्थ होतो. त्याचा मित्र व प्रधान एडार्ड स्टार्क भौगोलिक वास्तवाकडे बोट दाखवतो. डोथ्राकींजवळ जहाजे नाहीत. ज्या पाण्याचा घोट त्यांचे घोडे घेऊ शकत नाहीत, त्या पाण्याचे त्यांना भय वाटते. हा युक्तिवाद बिनतोड आहे आणि तरीही तो निष्फळ ठरतो, कारण राजाची भीती भूगोलातून उपजलेलीच नाही. पुढे डनेरिस गर्भवती असल्याचे कळताच मंत्रिमंडळात तिच्या हत्येचा निर्णय होतो. स्टार्कच्या बाजूने केवळ वृद्ध सेनानी बॅरिस्टन सेल्मी उभा राहतो, आणि स्टार्क प्रधानपदाचा त्याग करतो.

या भीतीचे मूळ रॉबर्टच्या हक्काच्या घडणीत सापडते. त्याची आजी टार्गेरियन होती, हा आधार त्याच्या राज्याभिषेकाला जोडला गेला. परंतु सिंहासन रणांगणावरील घणाने मिळाले, हे त्याचे सख्खे भाऊही जाणून आहेत. जो हक्क शस्त्राने सिद्ध झाला, तो दुसऱ्याच्या शस्त्राने असिद्ध होऊ शकतो. आणि जो अंशतः रक्ताने सिद्ध केला, त्या बाबतीत समुद्रापलीकडील मुलीचे रक्त अधिक निकटचे आहे. दोन्ही बाजूंनी हा युक्तिवाद राजावरच उलटतो.

कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या निर्णयाचे फलित. तोपर्यंत द्रोगोला समुद्र ओलांडण्याची मुळीच इच्छा नव्हती. लोखंडी आसनाची त्याला मातब्बरी वाटत नव्हती. मद्यविक्रेत्याच्या हातून झालेला विषप्रयोग फसतो आणि तोच द्रोगो ते सिंहासन जिंकण्याची प्रतिज्ञा करतो. जहाजांसाठी धन हवे, धनासाठी गुलाम हवेत, म्हणून तो लझारी लोकांवर स्वारी करतो. त्या स्वारीत झालेल्या जखमेने तो मरणपंथाला लागतो आणि अखेर त्याच्या चितेतून ड्रॅगन जन्माला येतात. मृत्युशय्येवर रॉबर्टला पश्चात्ताप होतो, परंतु आज्ञा तोवर रवाना झालेली असते. ज्या संकटाच्या भयाने राजाने मारेकऱ्याला मोल देऊ केले, त्या संकटाची पहिली कडी त्यानेच जोडली. लेखकाने येथे दैवाला साक्ष ठेवलेले नाही. प्रत्येक टप्प्यावर मानवी निर्णय आहे आणि प्रत्येक निर्णयाला पर्याय होता.

२. दुर्लक्षाचे उत्तर

याच मालिकेत नेमकी विरुद्ध प्रतिक्रियाही आढळते. ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’ (२००० ) या खंडात पूर्वेकडे तीन मस्तकांचा ड्रॅगन जन्मल्याची अफवा मंत्रिमंडळात सांगितली जाते, तेव्हा टायविन लॅनिस्टर तिची दखलच घेत नाही. ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ (२००५) मध्ये दूरच्या नगरांतील गुलामांच्या उठावाची बातमी राणी सर्सीच्या कानी येते. आपल्या राज्यात गुलाम नाहीत, मग आपणास त्याचे काय, असा तिचा भाव असतो. त्या उठावांच्या केंद्रस्थानी डनेरिस आहे हे वाचक जाणतो.

रॉबर्टचे भय आणि सर्सीची बेपर्वाई वरवर परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. दोघांनाही प्रतिस्पर्धी व्यक्ती म्हणून दिसत नाही. एकाला ती शत्रुवंशाची उरलेली फांदी वाटते, दुसरीला खलाशांची गप्प. मार्टिन यांची निवेदनपद्धती हे अंतर ठळक करते. प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टिकोनातून सांगितलेले असल्याने डनेरिसच्या प्रकरणांत तिची भूक, तिचे भय व तिचे वाढते धैर्य वाचक जवळून पाहतो. राजसभेत मात्र तिच्याविषयीचे ज्ञान हेरांच्या पत्रांतून गाळून पोहोचते. वाचकाजवळ ज्ञान आहे, राजाजवळ केवळ वार्ता आहे. दूरस्थ दावेदाराच्या कथेतील ताण प्रामुख्याने या तफावतीतून निर्माण होतो.

वार्तेच्या अपुरेपणाचा आणखी एक परिणाम असा की खरा वारस आणि तोतया यांतील सीमा पुसट होते. ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ (२०११) मध्ये एगॉन म्हणून पुढे येणारा तरुण खरोखर राजपुत्र आहे की नाही, याचा निर्णय त्या खंडात लागत नाही. मराठी अभ्यासकाला येथे भाऊसाहेबांच्या तोतयाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावांच्या मृत्यूविषयी शंका उरली. ते नाव सांगणाऱ्या पुरुषाला १७७६ मध्ये कोकणात मोठे पाठबळ मिळाले आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी या विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. दावा सत्य असो वा असत्य, प्रस्थापित सत्तेविषयीचा असंतोष त्याच्याभोवती गोळा होऊ शकतो, एवढे सूत्र इतिहासात व अद्भुतिकेत समान आहे.

३. कायद्याचे उत्तर

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ (१९५५) मध्ये प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. गोंडोरचे राज्य पिढ्यानपिढ्या कारभारी चालवीत आहेत. ते नावाने राजे नाहीत. ग्रंथाच्या परिशिष्टात दिलेला पूर्ववृत्तान्त येथे निर्णायक ठरतो. तृतीय युगाच्या १९४४ या वर्षी राजा ओन्डोहेर पुत्रांसह युद्धात पडला, तेव्हा उत्तरेकडील आर्वेदुई याने गोंडोरच्या मुकुटावर हक्क सांगितला. तो इसिल्दुरचा वंशज होता आणि ओन्डोहेरच्या कन्येचा पती होता. कारभारी पेलेन्दुरच्या पुढाकाराने हा दावा फेटाळला गेला. मुकुट अनारिओनच्या शाखेचा आहे आणि वारसा पुत्रांकडूनच चालतो, असे उत्तर देण्यात आले.

सुमारे १०७५ वर्षांनंतर शेवटचा सत्ताधारी कारभारी डेनेथॉर हेच उत्तर पुन्हा देतो. अरागॉर्नचा वंश सिद्ध झाला तरी तो इसिल्दुरच्याच शाखेचा, अशी त्याची भूमिका आहे. कायद्याच्या अंगाने ती पोकळ नाही. मात्र तिच्यामागे व्यक्तिगत शल्य आहे. तरुणपणी अरागॉर्नने थोरोंगिल या नावाने डेनेथॉरच्या पित्याची सेवा केली होती आणि लोकांच्या व त्या पित्याच्याही मनात पुत्राहून वरचे स्थान मिळवले होते. जुना न्यायनिर्णय डेनेथॉरच्या हाती मत्सराचे आवरण होतो. चितेवर स्वतःला जाळून घेणारा हा कारभारी बदललेले राज्य पाहण्यापेक्षा शून्य पत्करतो.

डेनेथॉरचा पुत्र फारामिर हे या प्रसंगाचे दुसरे टोक आहे. तो आपल्या पदाचा पांढरा दंड अरागॉर्नपुढे धरतो आणि हा राजा व्हावा काय, असे प्रजेला विचारतो. त्याआधी अरागॉर्ननेही संयम राखलेला असतो. विजयानंतर तो ध्वज गुंडाळून नगराबाहेर राहतो आणि रात्री जखमींवर उपचार करण्यापुरताच आत येतो. दावा प्रथम सेवेतून मान्य होतो, मुकुट नंतर येतो.

खुद्द सौरॉन हाही येथे दूरस्थ दावेदाराला सामोरा जाणारा सत्ताधीश आहे. अरागॉर्न ऑर्थँकच्या पाषाणातून स्वतःचे रूप आणि पुन्हा घडवलेली तलवार त्याला मुद्दाम दाखवतो. सौरॉन घाई करतो, वेळेपूर्वी प्रहार करतो, आणि त्याचे लक्ष आपल्याच सीमेत शिरलेल्या खऱ्या संकटावरून ढळते. सत्ताधीशाची शंका हे दावेदाराचे शस्त्र होऊ शकते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

४. भारवीचे उत्तर

हत्या, उपेक्षा आणि कायदेशीर नकार या तीन प्रतिक्रियांशेजारी चौथी ठेवावयाची तर भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गाकडे जावे लागते. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात ज्याचा गौरवाने उल्लेख आहे, त्या या कवीने महाभारताच्या वनपर्वातील कथा घेतली. परंतु आरंभ राजनीतीच्या वृत्तान्ताने केला. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात हस्तिनापूर पाहून आलेला वनेचर द्वैतवनात युधिष्ठिराला सांगतो की, सिंहासनावर बसूनही दुर्योधनाला वनवासी पांडवांकडून पराभवाची शंका आहे. म्हणूनच द्यूतात कपटाने मिळवलेली पृथ्वी तो आता नीतीने जिंकू पाहत आहे. सेवकांना मित्रासारखे वागवणे, शत्रू व पुत्र यांना समान दंड देणे, शेतीला पावसावर विसंबू न देणे, अशी त्याच्या कारभाराची लक्षणे वनेचर मोजून सांगतो. बोलण्यात युधिष्ठिराचे नाव निघताच मात्र तोच दुर्योधन मान खाली घालतो.

मूळ महाभारतात घोषयात्रेच्या मिषाने पांडवांना वैभव दाखवून हिणवायला निघालेला दुर्योधन आणि भारवीचा हा दुर्योधन यांत मोठे अंतर आहे. भारवीने त्याला सज्जन केलेले नाही. त्याची शंका तशीच ठेवून तिचा परिणाम मात्र बदलला आहे. त्यामुळे वनवासी दावेदारापुढील पेच अधिक कठीण होतो. लोकांना छळणाऱ्या राजाविरुद्ध काळ स्वतःच काम करतो. चांगला कारभार करणाऱ्या अन्यायी राजाच्या बाजूने काळ काम करू लागतो. द्रौपदी आणि भीम विलंब नको असे म्हणतात, त्या आग्रहाला हा वृत्तान्तच बळ देतो.

५. निष्कर्ष

या उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, दूरस्थ दावेदार हे पात्र या कथांमध्ये सिंहासनाच्या पायाची परीक्षा घेण्यासाठी योजलेले असते. रॉबर्टचा पाया घणावर, डेनेथॉरचा निवाड्यावर, दुर्योधनाचा द्यूतावर. आणि प्रत्येकाची प्रतिक्रिया आपापल्या पायातील भेग दाखवते. रॉबर्ट आणि भारवीचा दुर्योधन या दोघांचीही शंका समान तीव्रतेची आहे. एकाने तिचा भार कोवळ्या वयाच्या मुलीवर टाकला, दुसऱ्याने स्वतःच्या कारभारावर. पहिल्याने शत्रू घडवला, दुसऱ्याने त्याला कठीण परीक्षेत टाकले. अन्याय मात्र दोघांनाही पुसता आला नाही.

आधुनिक अद्भुतिकांचा विचार करताना त्यांचे युरोपीय मध्ययुगाशी असलेले नाते पुरेसे चर्चिले जाते. अधिकाराची अधिमान्यता कशी टिकते, या प्रश्नावर संस्कृत महाकाव्यांत जे चिंतन झाले आहे, तेही या साहित्याच्या वाचनात उपयोगी पडते. वेस्टेरोसच्या राजसभेत हेर आहेत, विषे आहेत, विवाहसंधीही आहेत. परंतु समुद्रापलीकडील मुलीच्या हक्काला चांगल्या कारभाराने उत्तर द्यावे, ही सूचना त्या सभेत रॉबर्टला कोणी करीत नाही. तिचा अभाव जाणवण्यासाठी द्वैतवनातील वनेचराचा वृत्तान्त शेजारी ठेवावा लागतो.