कपडे धुण्याचे यंत्र खडखडते तेव्हा

कपडे धुण्याचे यंत्र आता पुष्कळ खेड्यांत दिसते. कोणी नवे विकत घेतो. कोणाचा मुलगा शहरातले जुने यंत्र टेम्पोत घालून गावी आणून टाकतो. आमच्या घरचे यंत्र असेच आले. ते १९९८ सालचे आहे. त्याला दोन टब आहेत. मोठ्या टबात कपडे धुतात. लहान टबात ते पिळून निघतात. या लहान टबाला लोक ड्रायर म्हणतात. पण तो काही कपडे वाळवीत नाही, नुसते घट्ट पिळतो. वाळायला दोरीच लागते.

जुने यंत्र आवाज करू लागले की माणूस घाबरतो. शेजारी विचारतात, "गुरुजी, घरात गिरणी घातली काय?" भंगारवाला तर दारात उभाच असतो. पण आवाज झाला म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. बैलगाडीचे चाक कुरकुरले तर आपण गाडी मोडीत काढतो काय? कुठे कुरकुरते ते बघतो. इथेही तसेच करायचे.

आधी कान द्यावा. आवाज कधी येतो? कपडे धुताना, की पिळताना? धुण्याची मोटर वेगळी, पिळण्याची वेगळी. एवढे कळले तरी निम्मे यंत्र तपासायचे वाचते. घरात जी बाई रोज यंत्र लावते तिला विचारावे. तिला ते आमच्याहून जास्त ठाऊक असते. काही आवाज मात्र नेहमीचेच असतात. वेळ लावण्याच्या बटणातून टिकटिक येते. धुण्याच्या टबातली चकती एकीकडे फिरते, थांबते, मग उलटी फिरते. त्यात बिघाड काही नाही.

यंत्राला हात लावण्याआधी प्लग काढावा. नुसते बटण बंद केले म्हणजे झाले, असे समजू नये. प्लग ओढून बाहेर काढावा आणि डोळ्यांसमोर ठेवावा. हात कोरडे असावेत. जमीनही कोरडी असावी.

आता पिळताना धडधड होते ते पाहू. गोफणीत दगड घालून गरगर फिरवला की हाताला ओढ लागते. दगड लहान असला तरी ओढ मोठी असते. पिळण्याच्या टबाचे तसेच आहे. तो मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो. समजा, १,३०० फेरे घेतले, आणि टबात एका कडेला १०० ग्रॅम ओले कापड जास्त झाले. तर हिशेबाने त्या बाजूची ओढ २० किलोच्या आसपास जाते. मग यंत्र नाचणारच! म्हणून कपडे चारी बाजूंनी सारखे पसरून दाबावेत, आणि वर प्लॅस्टिकची जाळीची चकती ठेवावी. ती चकती पुष्कळ घरांत हरवलेली असते. गोधडी किंवा जाड सतरंजी या टबात घालूच नये.

कपडे सारखे असूनही यंत्र नाचले, तर जमीन पाहावी. यंत्रावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी. पाणी ज्या बाजूने सांडेल ती बाजू खाली आहे. त्या पायाखाली जुन्या टायरचा तुकडा कापून घालावा. दगडाची कपची घालू नये, ती सरकते. सारवलेल्या जमिनीत यंत्राचे पाय रुततात, तिथे खाली शहाबादी फरशी टाकावी. आमच्याकडचा निम्मा आवाज या फरशीनेच गेला.

पिळण्याच्या टबाचे झाकण उघडले की टबाला ब्रेक लागतो, आणि तो थोड्या वेळात थांबतो. झाकण उघडूनही टब फिरतच राहिला, तर ब्रेकच्या तारेत बिघाड आहे किंवा ब्रेक झिजला आहे. अशा वेळी आत हात घालू नये. फिरत्या टबातला ओला कपडा बोटांना गुंडाळतो, आणि हात मोडायला क्षण लागत नाही. लहान मुलांना तर तिथे उभेही करू नये. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत कपडे हाताने पिळलेले बरे.

धुताना खुळखुळ वाजले, तर बहुधा चकतीखाली काही अडकलेले असते. चकतीच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो डिसमिसने काढावा. मग चकती दोन्ही हातांनी हलवत वर उचलावी. अडली तर पहार लावू नये, चकती फुटते. आमच्या चकतीखाली दोन नाणी, एक सेफ्टी पिन, शर्टाची बटणे आणि एक गोटी निघाली. विहिरीचे पाणी जड असेल तर पांढरे कीटणही साठते. ते खरवडून काढावे. चकती बसवताना स्क्रू घट्ट करावा. सैल चकतीही वाजते.

किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पट्टा पाहावा. यंत्राच्या मागच्या बाजूचे झाकण स्क्रू काढून उघडते. आत धुण्याच्या मोटरीवरून चकतीच्या पुलीवर रबरी पट्टा जातो, गिरणीत असतो तसाच, पण लहान. इथे आमची एक चूक सांगायला हवी. पट्टा किंचाळतो म्हणून आम्ही त्याच्यावर शिवणयंत्राचे तेल सोडले. आवाज गेला, पण चकतीही फिरेना! पट्टा तेलाने घसरू लागला होता. गिरणीवाला पट्ट्याला राळ का लावतो, तेल का लावत नाही, हे उभा जन्म पाहूनही आमच्या ध्यानात आले नव्हते. शेवटी नवा पट्टा आणावा लागला.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. तो साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. जास्त लोंबत असेल तर मोटरीचे बोल्ट थोडे सैल करावेत, मोटर जरा ओढावी आणि बोल्ट पुन्हा आवळावेत. पट्ट्याला भेगा असतील तर तो बदलावा. जुना पट्टा दुकानात सोबत न्यावा, म्हणजे माप चुकत नाही. आत दोन वायरी जोडलेली एक डबी दिसेल. तिला कंडेन्सर म्हणतात. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहू शकते. तिला हात लावू नये.

आता जो आवाज आम्हाला खरा भीतीचा वाटतो, तो सांगतो. जात्यासारखी घरघर येते, ती दिवसेंदिवस वाढते, आणि यंत्राखाली तांबूस पाणी दिसते. याचा अर्थ दांड्याभोवतीचे रबर फाटले आहे आणि पाणी खाली उतरते आहे. त्या पाण्याने लोखंड गंजते. तेच पाणी मोटरीवर पडले, तर वीज यंत्राच्या पत्र्यात उतरू शकते. यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर "एवढे चालायचेच" असे म्हणू नये. त्या टबाला पुन्हा हात न लावता आधी मेन स्विच पाडावा, मगच प्लग काढावा. रबर आणि बेअरिंग बदलणे हे माहितगार कारागिराचे काम आहे. ते आम्ही घरी केले नाही, आणि कोणी करावे असे सांगणारही नाही.

त्याच वेळी कारागिराकडून घरचे अर्थिंगही तपासून घ्यावे. प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. भोकात बसत नाही म्हणून ती तोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. वीज पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत नेणारी वाट तीच. ती तोडली की उरते माणसाचे अंग.

सगळे झाल्यावर मागचे झाकण बसवावे आणि सगळे स्क्रू लावावेत. मग यंत्र आधी रिकामे, नंतर पाणी घालून चालवून ऐकावे. यंत्राचा तळ उघडा असेल तर तिथे बारीक जाळी ठोकून घ्यावी. उंदरांना आतली ऊब आवडते, आणि वायरी कुरतडायलाही आवडतात. आमच्या यंत्रात त्यांचे घरटे निघाले. ते आमच्याच हरवलेल्या पंच्याचे होते.