सहा चौकोनांची चिठ्ठी

अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात हिवरखेड आहे. मागे डोंगर, डोंगरापलीकडे मेळघाट, जवळच वाण नदी आणि वारी भैरवगडचं हनुमान सागर धरण. तिथून खाली पूर्णा नदीकडे उतरत गेलं की काळी, भारी जमीन लागते. कपाशीला ती मानवते, व्हॉलीबॉलला अजिबात नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि बुटाखाली किलोभर चिखल धरून ठेवते; उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इकडे नेट बांधायचं तर आधी मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ग्राऊंड करावं लागतं आणि पावसाळा गेला की ते बहुधा पुन्हा करावं लागतं.

कॉलेजच्या संघाचा हंगाम नेमका अशाच दिवसांत सुरू होतो. प्रवेश जून-जुलैत. मग संततधार. पाऊस उघडला की मूग-उडीद घरी आणायचे, त्यामागोमाग सोयाबीन सोंगायला येतं, आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी. खेळणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांची किंवा शेतमजुरांची. सोंगणीच्या आठवड्यात कोण प्रॅक्टिसला येईल आणि कोण वावरात असेल हे क्रीडा शिक्षकाला आदल्या संध्याकाळीही सांगता येत नाही. आणि याच दिवसांत संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक हाती पडतं.

हे विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. अमरावती शहरातल्या कॉलेजांना एक जुना आधार आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथं आहे. याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं भारतीय व्यायामप्रकार आणि खेळ करून दाखवले होते. शारीरिक शिक्षणाचं रीतसर शिक्षण देणारी कॉलेजं, दिवसभर ग्राऊंडवर असणारे विद्यार्थी, राहायला वसतिगृह, हे सगळं त्या शहरात आहे. तेल्हारा-अकोटच्या बाजूचा कला-वाणिज्य शिकणारा मुलगा त्यांच्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्यामागं दुपारी तीननंतरचा दीड तास असतो, त्यातही परतीच्या एसटीची वेळ. २०१७ च्या सुरुवातीपर्यंत हिवरखेड स्टेशनवरून अकोला-खंडवा मीटरगेज गाडी जायची. गेज बदलासाठी ती बंद झाली, आणि रस्ता सोडून दुसरा पर्याय राहिला नाही. सहा जणांपैकी दोघांची बस साडेचारची असेल तर पूर्ण संघाची प्रॅक्टिस सव्वाचारलाच संपते.

पदवी तीन वर्षांची, म्हणजे संघाचा तिसरा हिस्सा दरवर्षी निघून जातो. आणि जातात ते अनुभवी. चौथ्या वर्षाची सोय नव्या शैक्षणिक धोरणानं केली खरी, पण पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा त्यासाठी थांबेलच असं नाही. मागच्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या संघातून एक सेटर, म्हणजे मारणाऱ्यांना बॉल वाढून देणारा, आणि एक मिडल, म्हणजे नेटच्या मध्यावर खेळणारा, गेला, की लोक म्हणतात, दोनच तर गेले. पण या खेळात दोन गेले म्हणजे किती गेलं हे नीट समजून घेतलं पाहिजे.

व्हॉलीबॉलचं ग्राऊंड १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. मध्ये नेट, मुलांसाठी २.४३ मीटर उंच आणि मुलींसाठी २.२४. आपल्या बाजूला नऊ बाय नऊचा चौकोन आणि त्यात सहा माणसं. प्रत्येकाला एक नंबर. मागचा उजवा कोपरा एक, तिथूनच सर्व्हिस. त्याच्या पुढं नेटजवळ दोन, नेटच्या मध्यावर तीन, डावीकडे चार, चारच्या मागं पाच, आणि मागं मधोमध सहा. समोरच्याची सर्व्हिस मोडून आपल्याला सर्व्हिस मिळाली की सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एक घर सरकतात. त्यामुळे सेटभरात एकच संघ सहा वेगवेगळ्या रचनांतून फिरतो. क्रिकेटमध्ये सलामीचा फलंदाज बदलला तर सलामी बदलते. इथं एक माणूस बदलला तर सहाही रचना बदलतात.

प्रत्येक सेटच्या आधी क्रीडा शिक्षक एक छोटी चिठ्ठी भरून देतो. तिच्यावर सहा चौकोन, चौकोनात जर्सीचे नंबर, खाली सही. एकदा ती पंचांच्या हाती गेली की क्रम बदलता येत नाही. बदल हवा असेल तर खेळाडूच बदलावा लागतो, आणि एका सेटमध्ये तसे सहाच बदल मिळतात. सुरुवातीच्या सहांपैकी बाहेर गेलेला खेळाडू सेटमध्ये एकदाच परत येऊ शकतो, तोही आपल्याच जागी. हंगामाच्या पहिल्या सामन्यात ही चिठ्ठी भरताना शिक्षकाचं पेन अडखळतं. आपला सगळ्यात चांगला शूटर, म्हणजे मारणारा, चारला ठेवून सुरुवात करायची, की ज्याची सर्व्हिस खात्रीची आहे त्याला एकवर आणायचं? सगळ्यात कच्ची रचना कितव्या फेऱ्याला येईल? चिठ्ठी एका घरानं फिरवली तर ती रचना समोरच्याच्या सगळ्यात जबर सर्व्हिससमोर यायची टळेल का? मागच्या वर्षी याची उत्तरं संघाच्या अंगवळणी पडलेली होती. या वर्षी ती कुणाला ठाऊक नाहीत.

कच्ची रचना म्हणजे काय, ते जवळून पाहू. एक सेटर आणि पाच मारणारे, अशी मांडणी आज सगळीकडे चालते. सेटर, ज्याला जुने खेळाडू अजूनही लिफ्टर म्हणतात, तो एक, सहा किंवा पाचवर असताना मागच्या रांगेत असतो आणि पुढं तीन मारणारे मिळतात. तो पाचवर आला की खरी अडचण. समोरचा सर्व्हिस मारेपर्यंत त्यानं चारच्या मागं आणि सहाच्या डावीकडंच असलं पाहिजे, पाऊल चुकलं तर पॉइंट गेला. आणि बॉलला हात लागताक्षणी त्याला डाव्या कोपऱ्यातून निघून नेटजवळ दोन आणि तीनच्या मधे पोहोचायचं असतं. जवळपास पूर्ण चौकोन तिरपा कापायचा, तोही बॉल उचलणाऱ्या गड्याच्या वाटेत न येता. जुना सेटर हे डोळे मिटून करायचा. नवा पहिल्या सामन्यात एकतर लवकर निघतो, नाहीतर बॉल उचलणाऱ्यावर जाऊन आदळतो. समोरचा शहाणा संघ हे दोन सर्व्हिसमध्ये ओळखतो आणि मग सगळ्या सर्व्हिस त्याच वाटेवर टाकतो. पाच-सहा पॉइंट तिथंच जातात. ग्राऊंडबाहेरचे म्हणतात, "रोटेशन अडकलं." ते बरोबरच म्हणतात. २०२५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी सर्व्हिस करणाऱ्या संघाला जागेच्या या बंधनातून मोकळं केलं आहे, पण सर्व्हिस घेणाऱ्याला ते अजूनही पाळावं लागतं, आणि नवा संघ अडतो तो तिथंच.

जुन्या मोजणीत नव्या संघाला सावरायला वेळ मिळायचा. ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट, म्हणून चूक झाली तरी पुष्कळदा नुसती सर्व्हिस जायची. १९९० च्या दशकाच्या शेवटी प्रत्येक रॅलीला पॉइंट आला, सेट २५ चा झाला, आणि त्याच सुमारास लिबेरो आला. आता प्रत्येक चुकीची किंमत रोखीत. शिकता शिकता सामना काढणं अवघड झालं. याची भरपाई लिबेरोनं केली आहे आणि आमच्या भागातल्या संघांनी ती पुरती वापरलेली नाही असं मला वाटतं. वेगळ्या रंगाची जर्सी घालणारा हा खेळाडू मागच्या रांगेत कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो, ते बदल मोजले जात नाहीत. त्याला ब्लॉक करता येत नाही, नेटच्या वरून मारता येत नाही. म्हणजे उंची लागत नाही. बुटका, चपळ, जमिनीवर पडायला न भिणारा मुलगा प्रत्येक गावात असतो. पण कॉलेजात निवडीच्या दिवशी मुलांना नेटपाशी उड्या मारायला लावतात आणि तो मागं राहून जातो.

निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आधी बॉल उचलणारे निवडावेत, मग सेटर, आणि मारणारे सगळ्यात शेवटी. मारणारे मिळतात. गावोगाव शूटिंगबॉल खेळला जातो, तिथून आलेल्या मुलांच्या खांद्यात ताकद असते आणि गर्दीची भीती गेलेली असते. पण त्या खेळात बॉल मुठीनं मारायचा असतो. बोटांवर बॉल घेऊन तो हवा तिथं, हवा तेवढा उंच ठेवणं ही वेगळीच विद्या, ती त्या मुलाला पहिल्यापासून शिकावी लागते. सेटर तयार व्हायला दोन हंगाम लागतात, आणि तीन वर्षांच्या पदवीतले दोन हंगाम त्याला मिळावेत तर पहिल्या वर्षाचा मुलगा पहिल्याच महिन्यात हेरावा लागतो.

सेटर आणि मारणारा यांचं जुळणं बाहेरून दिसत नाही. एकाला बॉल उंच आणि नेटपासून हातभर दूर हवा असतो, दुसरा बॉल वर जायच्या आधीच हवेत असतो. सेटरनं हे प्रत्येकाचं वेगळं लक्षात ठेवायचं, आणि वाईट पासवर धावत जाऊन, पाठ फिरवूनही तसाच बॉल द्यायचा. नव्या जोडीत पहिले काही दिवस मारणारा बॉलच्या आधी तरी खाली येतो, नाहीतर बॉल त्याच्या डोक्यामागं जातो. चिडाचिड होते. दुसरी उणीव आवाजाची. दोघांच्या मधे पडणारा बॉल कुणाचा, हे जुन्या संघात बोलून ठरवावं लागत नाही. नव्या संघात दोघंही थांबतात, बॉल मधे पडतो, आणि मग एकजण दुसऱ्याला म्हणतो, "तुहा होता ना बे!" म्हणून काही शिक्षक पहिला आठवडाभर एकच गोष्ट घोकून घेतात: बॉल नेट ओलांडायच्या आत कुणीतरी "माहा" म्हणून ओरडलंच पाहिजे. चुकीच्यानं ओरडलं तरी चालेल.

दोन सेटर आणि चार मारणारे ही जुनी मांडणी आता लोकांना शाळकरी वाटते. त्यात पुढच्या रांगेत जो सेटर असेल तोच बॉल वाढतो, मागून धावत यायचं कामच उरत नाही, पाचवरून निघण्याची ती सगळी कसरत वाचते. बदल्यात पुढं नेहमी दोनच मारणारे. हंगामाच्या सुरुवातीला, प्रॅक्टिसचे दिवस तुटक असताना, मी तरी हीच मांडणी घेईन. दोन सेटर घडतात, एकजण सोयाबीनच्या वावरात अडकला तरी संघ उभा राहतो, आणि हंगामाच्या मध्यावर एकाच सेटरवर यायची वाट मोकळी राहते.

एकत्र राहण्याचं मोल काय असतं याचा सगळ्यात मोठा दाखला जपानचा आहे. व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं १९६४ ला, टोकियोत, आणि महिलांचं सुवर्ण जपाननं सोव्हिएत संघाला तीन सरळ सेटमध्ये हरवून घेतलं. त्या बारा खेळाडूंपैकी दहा जणी निचिबो या सूतगिरणी कंपनीच्या काईझुका इथल्या कारखान्यातल्या. प्रशिक्षक हिरोबुमी दाईमात्सू. दिवसा कारखान्यात काम, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत सराव, असं वर्षानुवर्षं. त्या सरावाचा कठोरपणा आज कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण तीच माणसं, तीच जागा, तोच सेटर, यातून काय उभं राहतं हे त्या मुलींनी दाखवलं. कापसाच्या मुलखातल्या माणसाला ही सूतगिरणीची हकीकत जवळची वाटावी.

आपल्याकडे मुलींच्या संघाची अडचण आणखी पुढची आहे. शेवटची बस हा मुलांसाठी गैरसोयीचा प्रश्न, मुलींसाठी तो खेळायचं की नाही याचा निर्णय असतो. ग्राऊंड एक असेल तर आधी मुलं खेळतात आणि उरलेल्या उजेडात मुली. निदान आठवड्यातले तीन दिवस पहिला तास मुलींना द्यावा आणि नेट त्यांच्या २.२४ च्या उंचीवर बांधावं, एवढं तरी प्रत्येक कॉलेजला जमतं. मुलांच्या उंचीवर बांधलेल्या नेटवर सराव केलेली मुलगी सामन्यात बॉल बाहेर मारते आणि दोष तिच्या हाताला लागतो.

पहिल्या पराभवानंतर जे होतं त्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जेवायच्या वेळेला निकाल कळतो आणि सेटर बदलायची मागणी होते. प्राचार्यांपासून माजी खेळाडूंपर्यंत सगळे सांगतात. दुसऱ्या सामन्यात नवा सेटर, मारणाऱ्यांना पुन्हा नवी उंची, नवा वेग. म्हणजे जे थोडंफार जुळलं होतं तेही गेलं. बदल करायचाच तर चिठ्ठी एक घर फिरवून पाहावी, बॉल उचलणाऱ्यांत एक जास्त घ्यावा, सर्व्हिस जोरात मारायच्या ऐवजी आत टाकायला सांगावी. सेटरला निदान तीन सामने द्यावेत.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या 'अश्वमेध' महोत्सवाला जातो. पाच जिल्ह्यांतल्या कॉलेजांतून आलेली ही मुलं शिबिरात एकत्र येतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं: नवा सेटर, अनोळखी शूटर, सहाही रचना कोऱ्या. निवड करणाऱ्यांनी इथं एक गोष्ट करून पाहावी. पाच जिल्ह्यांतले सर्वोत्तम सहा स्वतंत्रपणे उचलण्याऐवजी ज्या कॉलेजचा सेटर घेतला त्याच कॉलेजचा मिडलही घ्यावा, तो उंचीला दोन इंच कमी असला तरी. या दोघांचं वर्षभराचं जुळलेलं असतं, आणि शिबिराचे दिवस बाकीच्या चौघांवर खर्च करता येतात.