हसवायचं नव्हतंच तिला

नोएल कॉवर्डच्या 'ब्लाइद स्पिरिट' या नाटकात मृतात्म्यांशी बोलणारी एक बाई आहे, मॅडम अर्काटी. ही भूमिका समोर आली तेव्हा अभिनेत्री मार्गारेट रदरफर्डने आढेवेढे घेतले. परलोकविद्येची टिंगल तिला रुचत नव्हती. शेवटी तिने अर्काटी केली, पण टिंगल न करता. १९४१ साली, ऐन युद्धात, लंडनचा प्रेक्षक पोट धरून हसत होता आणि रंगमंचावरची बाई कमालीची गंभीर होती. १९४५ मधल्या डेव्हिड लीनच्या चित्रपटात ती पाहावी. थरथरती हनुवटी, टपोरे डोळे, सायकलवरचा तो तोरा. आपण विनोदी आहोत याचा या बाईला पत्ताच नाही!

तिच्या घरात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. वडिलांनी वेडाच्या भरात स्वतःच्याच वडिलांचा खून केला होता. ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून सुटल्यावर त्यांनी आडनाव बदललं. १८९२ मध्ये मार्गारेट जन्मली. कुटुंब मद्रासला गेलं, तिथे आईने आत्महत्या केली आणि पोर विम्बल्डनला मावशीकडे आली. पुढे शिकवण्या, पियानोच्या, शब्दोच्चारांच्या, त्याही सायकलवरून. मावशीने मागे ठेवलेल्या पैशांच्या जिवावर १९२५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, ती ओल्ड विक नाट्यगृहात उमेदवारीला लागली. नायिका होणं त्या वयात आणि त्या चेहऱ्याला जमणारं नव्हतं. चरित्र अभिनेत्रीला मात्र वय आडवं येत नाही, उलट कामाला येतं.

'द व्हीआयपीज' या चित्रपटात एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन असूनही ऑस्कर मिळालं ते तिला, विमानाला घाबरणाऱ्या कफल्लक डचेसच्या भूमिकेसाठी. इथेही तेच: भीती खरी, म्हणून हसू येतं.

१९६१ ते १९६४ या काळात ती चार चित्रपटांत मिस मार्पल ही हौशी गुप्तहेर झाली. अगाथा ख्रिस्तीची मार्पल सडपातळ, विणत बसणारी; रदरफर्डची 'मर्डर अहॉय'मध्ये तलवार चालवते, तीही सत्तरी ओलांडल्यावर. कपडे बाईंचे स्वतःचेच. सोबतीला मिस्टर स्ट्रिंगर, जो मूळ कादंबऱ्यांत कुठेच नाही. ते काम करणारा स्ट्रिंगर डेव्हिस हा तिचा नवरा. ख्रिस्तीबाईंना हे चित्रपट पसंत नव्हते, तरी १९६२ ची एक कादंबरी त्यांनी तिलाच अर्पण केली.

यातल्या पहिल्या चित्रपटात जोन हिक्सन एका छोट्या भूमिकेत दिसते. १९८४ पासून बीबीसीवर मार्पल झाली ती हीच, आणि पुस्तकाशी तीच अधिक जुळते, हे कबूल. पण तलवार उपसायची वेळ आली तर मी रदरफर्डच्याच मागे उभा राहीन.