चौकशी होते आपल्या माघारी

पूर्वी स्थळ सांगून आलं की आधी चौकशी व्हायची. चहा-पोह्यांना जायच्या आधीच कुणी मामा, कुणी मावशी मुलीच्या गल्लीत चक्कर टाकून यायची. कोपऱ्यावरचा किराणावाला, पलीकडच्या काकू, कॉलेजातली कुणी ओळखीची... सगळ्यांना हळूच विचारलं जायचं, "मुलगी कशी आहे हो?" मुलीला पत्ताही नसायचा. पण काकूंनी काही भलतंसलतं सांगितलंच, तर ते चार दिवसांत फिरून घरी यायचं आणि आई पदर खोचून जाब विचारायला जायची!

आता हीच चौकशी नोकरीसाठी होते. फक्त किराणावाल्याच्या जागी मोबाइल आलाय. आणि मोबाइलला जाब विचारायला कुठे जाणार?

माझी भाची निफाड तालुक्यातली. बी.कॉम. झाली, टॅली शिकली. गेल्या वर्षी अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत हिशेबाच्या कामासाठी मुलाखतीला गेली. अवकाळीने द्राक्षबाग गेल्यानंतर घरात येणारा तो पहिला पगार ठरला असता. जीएसटी, टीडीएस, बँकेचा ताळमेळ... विचारलं ते सगळं तिनं नीट सांगितलं. उठता उठता साहेब हसत म्हणाले, "फिरायची, नाचायची फार हौस दिसते तुम्हाला! मार्चएंडला टिकाल ना?" ही गोंधळली. सोमेश्वरचा धबधबा, वणीचा गड, मैत्रिणीच्या हळदीतला नाच, सगळं इन्स्टाग्रामवर होतं. त्यातला हळदीचा व्हिडिओ तर तिनं टाकलेलाही नव्हता. मैत्रिणीनं टाकला आणि हिचं नाव जोडलं होतं. "कळवतो" म्हणाले आणि कळवलंच नाही.

"मावशी, ते बघूनच नाही म्हणाले का गं?" तिनं मला विचारलं. काय सांगणार? कारण दुसरं काही असेलही. खरी गोम तीच आहे, कळायला मार्गच नाही!

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. २०१८ साली अमेरिकेत करिअरबिल्डर या कंपनीने नोकऱ्या देणाऱ्यांची पाहणी केली. ७० टक्के मालकांनी सांगितलं की आम्ही उमेदवाराची समाजमाध्यमं बघतो. बघणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना असं काही सापडलं होतं की त्यांनी त्या उमेदवाराला नाकारलं. आणि गंमत बघा, उमेदवार इंटरनेटवर सापडलाच नाही तर मुलाखतीला बोलावण्याची शक्यता कमी होते, असंही ४७ टक्के म्हणाले. म्हणजे दिसलं तरी पंचाईत आणि नाही दिसलं तरी पंचाईत! नोकरीसाठी अमेरिकेला जायचं म्हटलं तरी सुटका नाही. तिकडच्या व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून गेल्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची माहिती मागतात.

"मग काढून टाकायचं, झालं!" असं कुणी म्हणेल. पण काढून टाकलेलं खरंच जातं का? मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने 'ऑपरेशन सिंदूर'बद्दलची दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली. दोन तासांत काढली, माफीही मागितली. तोपर्यंत ती सगळीकडे फिरली होती. कॉलेजने तिला काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. अखेर २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायचा आदेश दिला, कॉलेजच्या कारवाईला स्थगिती दिली, तेव्हा कुठे तिची परीक्षेची वाट मोकळी झाली. आपल्या नाशिक जिल्ह्यातही मे २०२२ मध्ये फार्मसीच्या एका विद्यार्थ्याला एका ट्विटपायी अटक झाली होती. महिन्याहून जास्त काळ तो कोठडीत होता. त्यालाही जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानेच बाहेर येता आलं.

या दोघांचं लिहिणं कुणाला पटेल, कुणाला नाही. पण ही प्रकरणं कोर्टात गेली म्हणून त्यांची बाजू ऐकली तरी गेली. नोकरी देणारा साहेब कोर्टात जात नाही. तो फक्त दुसरीचा अर्ज उचलतो!

आणि यात बायकांचं जास्त नुकसान होतं. मुलाचा ट्रेकिंगचा फोटो दिसला तर "उत्साही दिसतो," आणि मुलीचा दिसला तर "घरचे काही बोलत नाहीत वाटतं!" साखरपुड्याचा फोटो दिसला की "आता लग्न करून जाणार," बाळाचा दिसला की "सारखी सुट्टी मागणार." नोकरभरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. आता तीच मनाई वेतन संहितेत आहे. पण मुलाखतीत समोरासमोर "लग्न कधी?" असं विचारलं, तर निदान विचारलं हे तरी कळतं. आपण उत्तर देऊ शकतो. मोबाइलवर प्रश्नही तोच विचारतो, उत्तरही तोच घेतो आणि आपण मात्र "कळवतो"ची वाट बघत बसतो.

कायदा यात किती मदतीला येईल? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लहान वयातल्या चुकांचं ओझं माणसाने जन्मभर का वाहावं, हा मुद्दाही त्या निकालात आला. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक मेख आहे. जी माहिती आपण स्वतःहून सगळ्यांसाठी खुली ठेवली, तिला तो कायदा लागूच होत नाही. थोडक्यात काय, दार उघडं ठेवून चोराच्या नावाने बोंब मारून उपयोग नाही.

म्हणून मैत्रिणींनो, अर्ज पाठवायच्या आधी आपली चौकशी आपणच करावी. परक्याच्या नजरेने! आपलं नाव मराठीत आणि इंग्रजीत टाकून दुसऱ्याच्या फोनवर शोधा. शाळेत असताना उघडलेलं फेसबुक खातं अजून जिवंत आहे का, ते बघा. आपल्या परवानगीशिवाय कुणी फोटोला आपलं नाव जोडू नये, अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. अर्जावर नंबर दिलात म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा डीपीही दिलात, हे लक्षात असू द्या. ट्रूकॉलरवर आपलं नाव काय दिसतं, तेही तपासा. कधीकधी कुणीतरी सुचवलेलं भलतंच नाव झळकत असतं! कुणी आपल्या नावाने बनावट खातं काढलं किंवा फोटोत छेडछाड केली, तर घाबरून गप्प बसू नका. त्याचे स्क्रीनशॉट ठेवा, त्या कंपनीकडे तक्रार करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांकडे जा.

पण म्हणून सगळं पुसून, तोंडाला कुलूप लावून बसायचं का? मुळीच नाही. भाचीला मी नाच बंद कर म्हणाले नाही. खातं फक्त ओळखीच्यांपुरतं ठेव म्हणाले, आणि नोकरीच्या शोधासाठी लिंक्डइनवर वेगळं खातं उघडायला लावलं. कुठला कोर्स केला, गल्लीतल्या दुकानदाराचं जीएसटीचं काम कसं सांभाळलं, हे तिथे मांडलं. चौकशी होणारच असेल तर कामाचं काही तरी सापडू दे की!

आणि एक मागणं आपल्यातल्याच काहींकडे. बचत गट, पार्लर, शाळा, दवाखाना चालवणाऱ्या कितीतरी जणी आज स्वतः माणसं नेमतात. त्यांनीही मोबाइलमध्ये डोकावण्याआधी स्वतःला विचारावं, मला हिचं काम बघायचंय की हिचं घर? काही खटकलंच, तर मुलीला समोर बसवून विचारावं. पूर्वीच्या चौकशीत निदान जाब विचारायची सोय होती. तेवढी तरी तिला मिळू दे.

शेवटचं म्हणजे, चौकशी एकतर्फी कशाला? मुलाकडची माहिती आपणही काढायचोच ना! मग कंपनीचीही काढा. पगार वेळेवर होतो का, आधीच्या मुली का सोडून गेल्या, हे तिथे काम केलेल्या एखादीला विचारा. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती आहे का, हे मुलाखतीत विचारायला लाजू नका. साहेब आपली माहिती काढून बसलेत ना? मग आपणही तयारीनिशी जाऊ या!