शब्दांचा मुलामा

व्यासपीठावरील वक्त्याला टाळ्या मिळतात त्या नेहमी विचारांच्याच बळावर मिळतात असे नाही. पुष्कळदा त्या शब्दांच्या बळावर मिळतात. हे कसे घडते, ते आमच्या गोव्याच्याच इतिहासात पाहू.

पोर्तुगालने १९३० च्या वसाहत कायद्यात आपल्या ताब्यातील प्रदेशांना उघडपणे 'वसाहती' म्हटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. भारत स्वतंत्र झाला आणि तो शब्द जगात लाजिरवाणा ठरू लागला. तेव्हा सालाझार राजवटीने वसाहती सोडल्या नाहीत. १९५१ साली घटना दुरुस्त करून तो शब्द तेवढा सोडला. गोवा कागदोपत्री 'सागरापलीकडील प्रांत' झाला. पाटी बदलली, घर तेच राहिले. वृत्तपत्रांवरील नियंत्रणही तसेच राहिले. पण १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाल्यावर 'आमच्यापाशी वसाहतीच नाहीत' असे म्हणावयास पोर्तुगाल मोकळे झाले. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने हा युक्तिवाद ठरावाने अमान्य केला. त्या ठरावातील यादीत गोव्याचेही नाव होते.

ही झाली नामांतराची युक्ती. दुसरी युक्ती सर्वनामाची. 'मिन्होपासून तिमोरपर्यंत' एकच राष्ट्र, अशी त्या राजवटीची घोषणा असे. अशा घोषणेत सारेच 'आपण' होतात आणि सत्ता कोणाच्या हाती, हा प्रश्न विरून जातो. मराठीत तर 'आपण' आणि 'आम्ही' असा स्पष्ट भेद आहे. 'आपण त्याग केला पाहिजे' असे म्हणणारा वक्ता पुढच्याच वाक्यात 'आम्ही रस्ते बांधले' असे म्हणतो. कष्ट सर्वांचे, श्रेय एकट्याचे! तिसरी युक्ती दोनच वाटा दाखविण्याची: आमच्या बाजूचे व्हा, नाही तर देशद्रोही ठरा.

आमच्या घरची भाषा कोंकणी, शिकविण्याची मराठी. दोहोंच्या नावे दिलेल्या घोषणांनी आमचेही रक्त कधी काळी उसळले आहे. म्हणूनच सांगतो, परक्याची लबाडी ओळखणे सोपे. आपल्या आवडत्या वक्त्याची ओळखणे कठीण.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, भाषण ऐकून घरी आल्यावर त्यातील गोड विशेषणे मनातल्या मनात खोडा आणि स्वतःला विचारा : नाव बदलले की वस्तुस्थिती? 'आपण' म्हणजे नेमके कोण? तिसरी वाट खरोखरच नाही काय? एवढे करून जे शिल्लक राहील, तेवढ्यालाच टाळी द्या.