पोंवळा साप

पोंवळ्याची आंगठी किंवा माळ पुष्कळ घरांतून असते. परंतु त्याच रत्नाचें नांव धारण करणारा एक साप महाराष्ट्राच्या मातींत राहतो, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. वरून पाहिल्यास या नांवाचा उलगडा होत नाहीं. अंग फिकट तपकिरी, डोकें व मान काळीं, लांबी सुमारें एक फूट आणि जाडी पेन्सिलीएवढीहि नाहीं. पोट दिसलें म्हणजे मात्र पोंवळ्याचा तांबडा रंग दृष्टीस पडतो.

शास्त्रज्ञ या प्रजातीला 'कॅलिओफिस', म्हणजे 'सुंदर साप' म्हणतात. नाग व मण्यार यांच्याच कुळांतील ही प्रजाति असून ती भारतापासून इंडोनेशिया व फिलिपीन्सपर्यंत पसरली आहे. महाराष्ट्रांतील पोंवळ्याला शॉ यानें १८०२ सालीं 'मेलन्यूरस', म्हणजे 'काळ्या शेपटीचा', असें नांव दिलें. पश्चिम घाटांतील डोंगराळ रानांत 'नायग्रेसेन्स' ही जाति आढळते. त्याच घाटांतील 'कॅस्टोई' ही जाति तर २०१२ सालीं शास्त्राला ज्ञात झाली. मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथील निळ्या पट्ट्यांच्या जातीचें वैचित्र्य विशेष आहे. बहुतेक सापांच्या विषग्रंथि डोक्यांत मावतात. हिच्या मात्र शरीरांत दूरवर पसरलेल्या असतात, आणि हिच्या विषानें भक्ष्याचे स्नायु क्षणांत ताठरतात.

आपला पोंवळा दगडांखालीं व पालापाचोळ्यांत दडून राहतो. डिवचल्यास तो शेपूट वर वळवून तिची निळसर खालची बाजू दाखवितो. त्यायोगें शत्रूचें लक्ष डोक्यावरून उडतें. त्याचें एक भक्ष्य म्हणजे निरुपद्रवी वाळा साप; आणि खरा धोका येथेंच आहे. कुंडीखालीं सांपडलेला वाळा मुलें हातावर खेळवितात, आणि त्याच भरंवशावर एखादे वेळीं पोंवळाहि उचलला जातो. वाळ्याचें डोकें व शेपूट सारखींच दिसतात आणि डोळे ठिपक्यांएवढे असतात. पोंवळ्याच्या काळ्या डोक्यावर पिंवळे ठिपके आणि शेपटीवर दोन काळीं वलयें असतात.

'एवढ्याशा तोंडानें तो काय चावणार?' हा समज घातक होय. भारतांत मिळणारें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषांपासून तयार करतात. पोंवळ्याचें विष त्यांत नाहीं. म्हणून दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां, दंशाचा अवयव न हलवितां तडक रुग्णालय गांठावें.

ओळख पटो वा न पटो, बोटाएवढ्या सापालाहि हात लावूं नये आणि त्याला मारूंहि नये. वाट मोकळी मिळाली, कीं तो आपण होऊन मातींत दिसेनासा होतो.