विंचमध्ये हात गेला, पुढे काय? दिव्यांग कार्ड आणि सरकारी मदत पहिल्यांदा मागणाऱ्या घरांसाठी



गेल्या मोसमातली गोष्ट. आपल्याच जेटीवरच्या एका ट्रॉलरवर पहाटे जाळं ओढताना खलाशाचा उजवा हात दोर आणि विंचच्या मध्ये सापडला. चार बोटं गेली. तांडेलानं ताबडतोब बोट फिरवली, टॉवेलनं हात बांधला, जेटीवर गाडी तयार ठेवायला फोन केला. इथपर्यंत सगळं बरोबर झालं. घोळ झाला तो इस्पितळाच्या खिडकीवर. "कुठं लागलं?" असं विचारल्यावर सोबतच्या माणसानं सांगून टाकलं, "घरी पडला." पोलिसांचं लफडं नको, मालकाला त्रास नको, एवढाच त्याचा विचार. मालक तर तेव्हा तिथं नव्हताही.

पुढे आम्ही विम्याचा दावा भरायला बसलो तेव्हा अर्जात लिहिलं 'मासेमारी करताना, समुद्रात' आणि इस्पितळाचा कागद म्हणतो 'घरी पडून'. पोलीस नोंद नाहीच. दोन्हींचा मेळ बसेना. तो दावा अजून फाईलमध्येच आहे आणि ते घर आता बायकोच्या मासळीच्या टोपलीवर चाललंय.

म्हणून हा लेख. आमच्या कमिटीतल्या कुणालाही सुरुवातीला यातलं काही कळत नव्हतं. दोन-तीन घरांच्या फायली घेऊन फिरलो तेव्हा शिकलो, ते इथं मांडतो.

आधी विम्याचं बोलू. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर 2.5 लाख, आणि इस्पितळात दाखल झाल्यास खर्चापोटी 25 हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतं, आपल्या खिशातून काही जात नाही. पण नाव यादीत अपघाताच्या आधी असायला हवं. दर वर्षी आम्ही आधार, बँक पासबुक आणि वारसाचं नाव मागतो तेव्हा "उद्या देतो" म्हणणारे पुष्कळ. त्या उद्याचा हिशेब नंतर बायका-मुलांना द्यावा लागतो.

बोटमालकांना हात जोडून सांगतो: अपघात झाला तर खरं तेच सांगा आणि त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा. विमा सरकारचा आहे, नोंद केली म्हणून ती रक्कम तुमच्या खिशातून जात नाही. खोटं सांगितलं तर माणसाचे पैसे मात्र नक्की अडकतात. बोटीचं नाव, वेळ, साधारण जागा, सोबत कोण होतं, हे तांडेलानं वहीत लिहून ठेवलं तरी पुढे फार उपयोग होतो.

आता दाखला आणि कार्ड. विमा असो, पेन्शन असो, कुबड्या असोत, सगळ्याचं दार एकच: दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यासोबत मिळणारं यूडीआयडी कार्ड. 1 जून 2021 पासून हा दाखला फक्त ऑनलाइन, 'स्वावलंबन' पोर्टलवरूनच निघतो. जुना कागदी दाखला कपाटात असेल तर तोही त्या पोर्टलवर चढवून घ्यावा लागतो. अर्ज घरी मोबाईलवरून होतो, पण आमचा अनुभव असा की फोटो आणि सही अपलोड करतानाच निम्मे लोक कंटाळून सोडून देतात. आधार लागतं आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. अर्ज झाला की एक नोंदणी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा. कार्ड यायचं असलं तरी केंद्राच्या योजनांना तो क्रमांक चालतो.

मग इस्पितळातून तपासणीची तारीख येते. जायचंच. न जाता अर्ज तसाच पडू दिला आणि दोन वर्षं उलटली, तर तो बंद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्याकडे तारीख चुकण्याचं कारण ठरलेलं: त्या दिवशी बोट बाहेर. मासळी लागत असताना किनाऱ्यावर कोण थांबणार? समजतं आम्हाला. पण 1 जून ते 31 जुलै बंदी असते. ही कामं त्या दोन महिन्यांत बसवा.

तपासणीला जाताना सगळे जुने कागद न्या: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या. एका बाबांना पक्षाघात होऊन महिनाच झाला होता, घरच्यांनी घाईनं नेलं, आणि परत पाठवलं. मेंदूच्या किंवा नसांच्या आजारात साधारण सहा महिने गेल्यावरच टक्केवारी ठरवतात, कारण तोवर हातापायात थोडी ताकद परत येऊ शकते. ही अडवणूक नाही, नियमच तसा आहे. त्या सहा महिन्यांत उपचाराचे कागद मात्र सांभाळा.

टक्केवारीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय, पूर्वीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते. बहुतेक सवलती 40 टक्के किंवा जास्त असेल तरच मिळतात. एखाद-दुसरं बोट गेलं तर आकडा चाळीसच्या खाली राहू शकतो. आपल्याला वाटतं, "उजवा हात गेला म्हणजे सगळं गेलं, दोर धरता येत नाही, जाळं विणता येत नाही." खरंच आहे. पण डॉक्टर धंदा मोजत नाहीत, अवयवाचं नुकसान मोजतात, त्याचं सरकारी कोष्टक ठरलेलं आहे. तरीही आकडा चुकीचा वाटला तर गप्प बसू नका. 90 दिवसांच्या आत अपील करता येतं. कार्डाचा रंगही पाहून घ्या: चाळीसच्या खाली पांढरा, 40 च्या वर पिवळा, 80 किंवा जास्त असेल तर निळा.

इंजिनाच्या आवाजानं कान गेलेले आपल्यात किती आहेत ते मोजायला बसलो तर अर्धी जेटी निघेल. "वय झालं" म्हणून सोडून देतो. दोन्ही कानांना 60 डेसिबलच्या पुढे ऐकू येत नसेल तर तेही कायद्याच्या यादीत बसतं. एकदा ऑडिओग्राम करून घ्या, एवढंच म्हणणं.

राज्याची मदत म्हणजे भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, समाज कल्याण खात्याची. मूळ रक्कम महिन्याला 2,000 रुपये, जास्त टक्केवारीच्या दिव्यांगांना त्याहून अधिक. गोव्यात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो. इथं खरी डोकेदुखी नावाची. आपल्याकडे जन्मनोंदीत एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. बाईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. एका मावशीचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेनं होतं. तिच्या अर्जाला जेवढा वेळ लागला त्यातला बहुतेक नावं जुळवण्यातच गेला. म्हणून अर्ज भरण्याआधी आधार, बँक आणि मतदार कार्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. पैसे सुरू झाल्यावरही दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि घरातले म्हणतात सरकारनं बंद केले.

मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा एकाहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. थेरपी आणि बाहेरच्या बाहेर घेतलेले उपचारही त्यात बसतात. आपल्या गावात अशी मुलं आहेत, पण घरचे बोलत नाहीत. एका घरी आम्ही विषय काढला तेव्हा आजी म्हणाली, "आमकां भीक नाका." आम्हाला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. मग आमच्यातल्याच एका वहिनीनं तिला विचारलं, "बोटीच्या डिझेलची सवलत घेतो ती भीक की हक्क?" आजी हसली आणि कागद काढून दिले. आणखी एक लक्षात ठेवा. असा मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांची झाली की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत अडतं, जागेच्या व्यवहारात अडतं. नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. सतरावं लागलं की तयारी सुरू करा.

चाकाची खुर्ची, कुबड्या, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र यांच्यासाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. वस्तू बहुधा कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून मिळतात. शिबिराची खबर आली की आम्ही इथं टाकतो. मधुमेहानं पाय गेलेल्यांनी हे नक्की बघा. कृत्रिम पाय बसवून जाळी दुरुस्त करायला परत बसलेले लोक आपल्याकडे आहेत.

आणि बोटींवरचे परप्रांतीय खलाशी? झारखंड, ओडिशा, आंध्रची मुलं आपल्याकडे राबतात. 15 वर्षांच्या अटीमुळे त्यांना गोव्याची पेन्शन बहुधा मिळणार नाही. पण यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, आणि जिथं उपचार चालू आहेत त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. तेव्हा जखमी मुलाला नुसतं रेल्वेचं तिकीट काढून देऊन मोकळं होऊ नका. इथले उपचाराचे कागद आणि अपघाताची नोंद त्याच्या हातात द्या. गावी गेल्यावर तेवढंच त्याच्याजवळ असणार. यावर काही मालकांचं आमच्याशी पटत नाही. न पटू दे.

बंदी लागली की दर शनिवारी सकाळी संस्थेच्या ऑफिसात दोन जण बसतील. अर्ज भरून देण्याचे पैसे नाहीत. आधार, बँक पासबुक, दोन नवीन फोटो, इस्पितळाचे असतील तेवढे सगळे कागद आणि ओटीपी येतो तो मोबाईल सोबत आणा. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरच्यांनी वॉर्डातल्या सभासदाला सांगा, आम्ही घरी येऊ. विम्याच्या यादीत नाव आहे की नाही हेही तिथंच बघून मिळेल.